दहा दिवस उजेड नको

महादेवराव गेले त्या वर्षी त्यांच्या घरी घट बसला नाही, हे हिंगणीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापुढचं जे लोक सांगतात ते अर्धं खोटं आणि अर्धं मीठमसाला. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार! पण मी त्यांची शेजारीण आहे. दोन घरांत एकच भिंत आहे आणि त्या दसऱ्याला मी त्यांच्या अंगणात होते. शाळेत जन्मभर पोरांचे कान पिळले, 'नीट सांग, पहिल्यापासून सांग' म्हणून. आता माझी पाळी.

त्यांची लेक वर्षाली माझ्या हाताखालून गेलेली. वर्गातही प्रश्न विचारून जीव नकोसा करायची. पुढे नागपूरला एका संस्थेत संशोधनाला लागली आणि विषय घेतला शेवाळाचा. गावाने कपाळाला हात लावला. महादेवराव किराणा दुकानात साखर तोलता तोलता गिऱ्हाइकांना म्हणायचे, "लोकाइच्या पोरी डॉक्टर होऊन पेशंट पाह्यते, आमची डॉक्टर होऊन शेवाळ पाह्यते!" असं म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी तिला स्कूटरवर बसवून बोरधरणाच्या भिंतीखाली घेऊन जायचे. तिथल्या ओल्या दगडांवर एक हिरवं, बुळबुळीत शेवाळ असतं. उन्हाळ्यात दगड तापला की त्याची वाळून पापडी होते आणि पाणी लागलं की पुन्हा जिवंत. पोरगी सुरीनं खरवडायची आणि बाप खाली डबी धरायचा.

तेच शेवाळ का, हे तिने माझ्या ओट्यावर बसून मला समजावलं होतं. फार पूर्वी झाडं नव्हतीच, पाण्यात शेवाळ होतं. त्यातलंच एक कधीतरी जमिनीवर आलं, आणि गवत, गहू, साग, आंबा सगळा त्याचाच वंश. बोरधरणाचं हे शेवाळ त्या मूळ पुरुषाच्या भाऊबंदांपैकी.

"मॅडम, गहू अंधारात पेरला त कसा येते?" तिने विचारलं.

"पिवळा," मी म्हटलं. घट बसवणाऱ्या घरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"अन् शेवाळ अंधारात ठेवलं त हिरवंच राह्यते. अंधारात हिरवं व्हायचं कसब त्याच्यापाशी हाय. फुलाच्या झाडाइनं ते वाटेत कुठीतरी टाकून देल्लं. काऊन टाकलं, ते मले पाह्यचं हाय."

त्यासाठी शेवाळातलं ते कसब तिला मुद्दाम मोडायचं होतं. त्या कसबाचं एक जनुक असतं. त्याची मोडकी नक्कल सोन्याच्या अतिबारीक कणांवर चिकटवायची आणि ते कण एका खास बंदुकीतून शेवाळावर मारायचे. बहुतेक शेवाळ मरतं. जगतं त्यातलंही बहुतेक जसंच्या तसं राहतं. या बंदुकीपायी तिची कितीतरी वर्षं गेली, सांगून आलेली चांगली स्थळं गेली, आणि जवळच्या नात्यातल्या लग्नांना न आल्यामुळे माणसं तुटली ती वेगळीच. शेवटी त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास काचेच्या बशीत एक हिरवा ठिपका उगवला. बदल त्यात मुरला असावा असं दिसत होतं. उजेडात तो हिरवाच दिसणार, म्हणून आता एकच पारख उरली होती. त्याला दहा दिवस मिट्ट अंधारात ठेवायचं. हिरवं राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात. पिवळं आलं तर जिंकली.

आणि पितृपक्षात महादेवराव दुकानातच कोसळले. सेलूच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

सुतक पितृपक्ष ओलांडून नवरात्रात शिरलं आणि तेरवी नेमकी नवमीला आली. त्या साली एक तिथी वाढली होती, म्हणून नवमी दहाव्या दिवशी होती. सगळ्या भाऊबंदांचा मिळून एकच घट असायचा, तो महादेवरावांच्या बायकोकडे, वच्छलाबाईंकडे. लग्न होऊन आल्यापासून त्याच बसवायच्या. टोपल्यातल्या मातीत गहू पेरायचा, पाणी शिंपडायचं, दहा दिवस त्या अंधाऱ्या खोलीत दुसऱ्या कोणाला पाय टाकू द्यायचा नाही. दसऱ्याला घट उठवला की पिवळंधमक धान तुळशीपाशी उन्हात ठेवायच्या, ही त्यांच्या घरची रीत. मग एकेक तुरा पुरुषांच्या टोपीत, पोरीबाळींच्या केसांत. धान जितकं पिवळं तितकं साल चांगलं. पांढरंफटक पडलं तर बाया आधी एकमेकींकडे बघतात आणि मग ज्या हातानं पेरलं त्या हाताकडे.

राख सावडून माणसं परत आली त्या दिवशीच धाकट्या जावेनं विषय काढला. ही नलू. बाई वाईट नाही, तिच्या तोंडाला कुलूप नाही एवढंच.

"पुढच्या वर्षीपासून घट आमच्याकडं आणा लागन," ती वच्छलाबाईंकडे बघत म्हणाली. "बाईचा हात आता चालत नाई न."

"काऊन चालत नाई?" वर्षाली उसळली. "हात तोच हाय न, काकू? बाबा गेले त हात बदलला का?"

नलूचा नवरा, महादेवरावांचा धाकटा भाऊ नत्थूजी, जमिनीकडे बघत म्हणाला, "दसऱ्यानंतर पाहू. आता नोका काढू."

नवरा जाऊन चार दिवस नाही झाले तोच घटाचा मानही चालला होता, आणि वच्छलाबाई भिंतीला टेकून भाताचं ताट बाजूला सारत होत्या. मला नलूचा संताप आला होता. पण सुतकाच्या घरात भांडायचं नसतं.

त्यानंतर वर्षाली एका दिवसासाठी नागपूरला जाऊन आली. संस्थेला सुट्या लागणार होत्या. शेवाळाच्या बशा तिने तिथल्या थंड खोलीतच ठेवल्या, पण पारखीच्या दोन बाटल्या घरी घेऊन आली. जनुक बदललेली वस्तू प्रयोगशाळेबाहेर नेऊ नये, असा नियम आहे आणि तो तिला पाठ होता. पण तेरवीपर्यंत घर सोडता येत नव्हतं आणि दुसऱ्याच्या भरवशावर अंधार सोपवायला मन धजत नव्हतं. कोणीतरी कपाट उघडतं, कोणीतरी दिवा लावतं. एका बाटलीत धरणाचं साधं शेवाळ होतं, दुसरीत तिने बदललेलं. दोन्ही काळ्या कागदात गुंडाळून तिने आईच्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवल्या. मी चहा घेऊन गेले होते, माझ्यासमोरच.

"आई, दहा दिवस याले उजेड नको. कपाट कोणाले उघडू देजो नको."

"दहा दिवस? काऊन वं?"

"अंधारात हे इकडचं पिवळं आलं पायजे. पिवळं आलं त माह्यं झालं. नाई आलं त गेलं सारं."

"बाबासंगं आणलं होतं तेच शेवाळ हाय का हे?"

"तेच. बाबानंच डबी धरली होती."

त्या दिवशी तिथी कोणती होती हे वर्षालीच्या ध्यानातही नव्हतं. प्रतिपदा होती, घट बसायचा दिवस. वच्छलाबाईंच्या मात्र ध्यानात होतं.

सुतकात दिवा नाही, फूल नाही, आरती नाही. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. फक्त सकाळ-संध्याकाळ त्या कपाटासमोर पाटावर बसायच्या आणि दारावर तळहात ठेवायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मी एकदा विचारलं, "हे काय चाललंय?"

"काई नाई, मॅडम," त्या लाजल्या. "पिवळं आलं त समजीन, माहा हात अजून चालते."

मी विज्ञान शिकवलेली बाई. त्यांना सांगायला हवं होतं की बाटलीतलं शेवाळ हातबित ओळखत नाही. पण एवढ्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि तेही कपाटाकडे. मी म्हटलं, "येईल."

नवमीला तेरवी उरकली, पाहुणे पांगले. वर्षालीने खिडकीवर चादर टांगली आणि दाराच्या फटीतून येईल तेवढ्याच अंधुक उजेडात कागद सोडले. साधं शेवाळ हिरवंच होतं. तिचं पिवळं आलं होतं. वरणाच्या पाण्यासारखं स्वच्छ पिवळं.

पोरगी हसली आणि त्याच दमात रडायला लागली. "बाबा पायजे होते," म्हणाली. वच्छलाबाईंनी कपाटाच्या फळीला कपाळ टेकवलं आणि मला म्हणाल्या, "नलूले सांगजा, मॅडम." त्या माउलीला एवढं आनंदात मी त्यानंतर कधी पाहिलं नाही.

बाटल्या पुन्हा कागदात गेल्या. तासाभरात नागपूरहून फोन आला, तिच्या प्रयोगशाळेतल्या आदेश नावाच्या सहकाऱ्याचा. सुटीत वीज गेली होती, थंड खोलीचं यंत्र पुन्हा सुरूच झालं नव्हतं, आणि तिच्या बशा उकडून गेल्या होत्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. आता जगात तिचं शेवाळ म्हणजे ती एक बाटली. ती जिवंत नागपूरला पोचली तर सगळं होतं, नाही तर काहीच नव्हतं. दसऱ्याच्या सकाळीच ती भावाला, नीलेशला घेऊन बापाच्या स्कूटरवर सेलूला निघाली, थर्माकोलचा डबा, बर्फ आणि भाड्याची गाडी बघायला. जाता जाता आईला एवढंच म्हणाली, "आलोच मी."

दहा दिवस उजेड नको, हे तिने सांगितलं होतं. अकराव्या दिवशी काय, हे सांगितलं नव्हतं. सांगायची गरज आहे असं तिच्या डोक्यातही आलं नाही. ती ज्या संस्थेत शिकली तिथे दहा दिवसांनंतर मोजमाप असतं. ती ज्या घरात जन्मली तिथे दहा दिवसांनंतर दसरा असतो.

ऊन वर आल्यावर मी आपट्याची पानं घेऊन गेले. सण करायचा नव्हता, पण बाईला भेटायचं होतं. नलू आणि नत्थूजीही आले होते. पाहते तो तुळशीच्या ओट्यावर दोन्ही बाटल्या उघड्या, काळा कागद घडी घालून बाजूला ठेवलेला. पिवळीच्या गळ्यात झेंडूची लहानशी माळ आणि काचेवर हळदीचं बोट. कुंकू नव्हतं. तेवढं त्यांनी आपणच पाळलं होतं.

"पाय नलू," वच्छलाबाई म्हणाल्या. आवाजात पूर्वीची ऐट होती. "पाय, कसा आला. असा पिवळा कधी आलता का? माह्या वर्षालीचा हाय, पण राखला मी."

नलू खरंच बघत राहिली. "लय साजरा आला, बाई," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, खोटं कशाला सांगू. नत्थूजीनेही मान हलवली. "मग पुढच्या वर्षी बी वयनीच बसवन," असं तो बोलला, मी कानांनी ऐकलं. घटाचा मान परत आला होता. आम्ही ओसरीवर बसलो, चहा झाला, महादेवरावांच्या आठवणी निघाल्या. ते आश्विनातलं ऊन, पावसाळ्यानंतरचं, चटके देणारं. बाटली त्या उन्हात उभी होती आणि आमच्यापैकी एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

माझं गेलं तेव्हा पिवळा रंग फिका झाला होता. मी डोळे चोळले. थोड्या वेळाने ते ताकाच्या निवळीसारखं दिसायला लागलं. नलूनेही पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवला. तेवढ्यात स्कूटर वाजली.

वर्षालीच्या मांडीवर थर्माकोलचा डबा होता. तो तिथेच खाली पडला, बर्फ अंगणभर झाला. तिने धावत येऊन बाटली ओढणीत गुंडाळली, पोटाशी धरली आणि ओरडली, "आई! मारून टाकलं तू! मारलं तू त्याले!"

वच्छलाबाई ओसरीवरून खाली आल्या.

"दहा दिवस झाले न, वर्षे," वच्छलाबाई म्हणाल्या. "एक दिवस बी कमी नाई केला मी. घट उठवला का ऊन दाखवा लागते न."

वर्षालीने आईकडे पाहिलं, तुळशीकडे पाहिलं, झेंडूची माळ पाहिली, आणि ओट्यापाशी खाली बसली. मग नलू बोलली. कुजकेपणाने नाही, भीतीने बोलली.

"दोन्ही बाटल्या एकाच उन्हात होत्या. ते हिरवी पाय, तिले काईच नाई झालं. जिले बाईनं हळद लावली तेच गेली."

"नलू, तोंड आवर!" मी म्हटलं. पण बोललेला शब्द परत येत नाही. मायलेकी दोघींनी तो ऐकला होता आणि वच्छलाबाई स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होत्या. त्यावर अजून हळद होती.

वर्षालीचा राग तिथेच उतरला. ती आईपाशी सरकली आणि घाईघाईने समजावू लागली. अंधारात हिरव्या रंगाचा कच्चा माल पेशीत साठतो. साधं शेवाळ तो अंधारातच वापरून टाकतं. हिच्या शेवाळाला ते जमत नव्हतं, म्हणून तो साठून राहिला. एकदम कडक ऊन पडलं की तोच आतून जाळतो. हळूहळू, मंद उजेडात आणावं लागतं.

"हळदीनं नाई मेलं, आई. हातानं नाई मेलं. मीच त्याले तसं बनवलं होतं. उलट, ते मेलं म्हणूनच पक्कं समजलं का माह्यं बरोबर होतं. हिरवं जगलं, हे मेलं. याच्याहून मोठा पुरावा नाई." ती हसली, ते हसणं ऐकवत नव्हतं. "फक्त आता कोणाले दाखवाले काई राह्यलं नाई. मेलेली बाटली कोण मानते?"

वच्छलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. लहान मूल काही सांगतं तेव्हा आपण मान हलवतो तशी हलवली.

"म्हंजे उजेडानं मेलं."

"व्हय, आई. उजेडानं."

"अन् उजेड मी दाखवला."

वर्षालीने आईच्या बोटावरची हळद आपल्या हाताने पुसली.

तिने आशा लगेच सोडली नाही. उरलेल्यात नवं खाद्य घातलं, बाटली पुन्हा अंधारात ठेवली, कोजागिरीपर्यंत वाट पाहिली. वच्छलाबाई त्या दिवसांत त्या खोलीत गेल्या नाहीत. माझ्याकडे स्वयंपाकघरात येऊन झोपल्या. कोजागिरीला वर्षालीने बूच उघडलं तर कुजका वास आला.

"बोर नदीत सोडून येऊ का?" वच्छलाबाईंनी दारातूनच विचारलं. "घट नदीत सोडतो आपण."

"नाई, आई. हे नदीत नाई जाऊ देता येत. बाहेर टाकायच्या आधी पुरतं मारा लागते, नियम हाय."

प्रयोगशाळेत त्यासाठी वाफेचं यंत्र असतं. इथे घरचा वरणाचा कुकर होता. तिने बाटली त्यात ठेवली, झाकण लावलं. आम्ही तिघी शिट्ट्या ऐकत बसलो. पहिल्या शिट्टीला वच्छलाबाई दचकल्या. "मेलेल्याले बी शिजवा लागते का वं?" असं म्हणाल्या आणि पदराने तोंड झाकून घेतलं. वर्षालीने गॅस बंद केला.

त्याच संध्याकाळी वच्छलाबाईंनी आपण होऊन नलूला बोलावलं. घटाचा तांब्या, टोपलं, देवीचा चांदीचा टाक, सगळं धुऊनपुसून तिच्या पुढ्यात ठेवलं. वर्षाली मधे पडली, "आई, पुढच्या वर्षी तूच बसवशील, काका बोलले होते," म्हणाली. नलूही रडत होती, "राहू द्या न, बाई," म्हणत होती. वच्छलाबाईंनी कोणाचं ऐकलं नाही.

"तुनं एवढी वर्षं घातली, वर्षे. तुह्यं एक वाचलं होतं, ते माह्या हातात देल्लं. आता घरादाराचं साल कोण देईन माह्या हातात?"

दुसऱ्या दिवशी वर्षाली नागपूरला निघाली. पुन्हा बंदूक, पुन्हा सोन्याचे कण, पुन्हा पहिल्यापासून. संस्था मुदत वाढवून देईल की नाही तेही माहीत नव्हतं. हिरवी बाटली तिने नेली नाही. त्यात काही बदललेलं नव्हतं, ते आपल्या धरणाचंच शेवाळ होतं. ती बाटली आईच्या पुढे धरून ती म्हणाली, "हे तू ठेव. बाबानं डबी धरली होती ते हाय. खिडकीत ठेवजो, याले काई होत नाई."

वच्छलाबाई दोन पावलं मागे सरकल्या आणि पदर आवरून घेतला, काचेला लागू नये म्हणून.

"माह्यापासून दूर ठेवजो, बाई," त्या म्हणाल्या. "तेवढं तरी जगू दे."

तेव्हापासून ती बाटली माझ्या खिडकीत आहे. चांगली हिरवीगार आहे. वच्छलाबाई रोज दुपारी येतात, पण आत येत नाहीत. उंबऱ्याबाहेर बसतात, दोन्ही हात पदराखाली घेतात आणि तिथूनच विचारतात, "कसं हाय, मॅडम?"

मी सांगते, "चांगलं आहे."